स्वयंपाकघरात अडकलेलं पत्र

दाराबाहेरच्या चपला-बुटांचा ढीग जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून खाली गेला होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातल्या दादाच्या खोलीत एरवी एक टेबल, एक खुर्ची आणि एक माणूस मावायचा. त्या रविवारी तिथं चाळीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. टेबलावर प्रिंटर होता आणि प्रिंटरच्या डोक्यावर मेणबत्ती. मेण प्लॅस्टिकवर ओघळत होतं. त्या चाळिसांत प्रिंटरची काळजी वाटणारी मी एकटीच होते, कारण माझं प्रिंट-झेरॉक्सचं दुकान आहे आणि असली यंत्रं सांभाळण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत.

निरोपबाबा उठून उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्यावर शाल, आवाज मधात बुडवून काढलेला. त्यांनी प्रिंटरची संगणकाला जाणारी तार उपसली आणि मेलेल्या सापासारखी वर धरली.

"तार काढली. संगणक बंद. तुमचे फोन बाहेर टोपलीत. आता सांगा, या खोलीत लिहिणारा कोण उरला?"

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

"ज्याला हात नाहीत, तो उरला," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून हवेत कान लावल्यासारखे उभे राहिले. वाट लांबची आहे, मधे सात पडदे आहेत, लेकरू दमलं आहे, असं बरंच पुटपुटून झाल्यावर त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "आला."

प्रिंटर गुरगुरला. आतली चाकं फिरली, कागद ओढला गेला आणि हळूहळू बाहेर आला. मागं बसलेल्या, आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यानं हात जोडले. पुढं खुर्चीत बसलेल्या माझ्या आईनं दोन्ही हात पुढं केले, जसे आपण रांगत येणाऱ्या मुलापुढं करतो.

कागद वहिनीनं वाचला. ती दादाची बायको, आणि पत्रं दादाची होती. दादाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

पत्रात लिहिलं होतं: "आई, मी इथं बरा आहे. लहानपणी कपाटात लपायचो तसा तुझ्या अगदी जवळ आहे. पण ते यंत्र तुझं रक्त धुतं तेव्हा त्या रक्तातला मीही धुतला जातो. माझा आवाज क्षीण होतो. त्या यंत्राकडं जाऊ नकोस. फळांचा रस घे, मन शांत ठेव."

आईनं कागद डोळ्यांना लावला.

ते यंत्र म्हणजे डायलिसिस. आईची दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. दादा जिवंत असताना तोच तिला न्यायचा. संगणकांची जाळी जोडून देण्याचं त्याचं काम होतं आणि त्यानं कामाच्या वेळा आईच्या वेळांभोवती बसवल्या होत्या. एका सकाळी तो कामावर गेला आणि खुर्चीत बसल्याजागी गेला. त्याच्या मागं मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आईला नेत होते. वहिनी नोकरीवर जायची, घरी आल्यावर त्याच्या खोलीत दिवा न लावता बसायची. तिची अशी अवस्था पाहून तिच्या कचेरीतल्या कुणीतरी निरोपबाबांना सांत्वनाला म्हणून आणलं. बाबांबरोबर एक गप्प, मऊ बोलणारा शिष्य असायचा. तो कायम त्यांच्या मागं असायचा, म्हणून सगळे त्याला सावलीच म्हणत. दोन आठवडे सावली वहिनीजवळ बसून तिचं ऐकून घेत होता. मग पहिलं पत्र आलं.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे सांगायला हवं. प्रिंटरला तार लागत नाही. घरातल्या वायफायवर असलेल्या कुठल्याही फोनवरून त्याला कागद पाठवता येतो. हा चमत्कार मी दुकानात दिवसातून दोनशे वेळा करते आणि अजून कुणी माझ्या पाया पडलेलं नाही. मी हे घरात सांगितलं, बैठकीतही सांगितलं. बाबा हसले. म्हणाले, ताई, दुकानात पाठवणारा माणूस असतो. इथला पाठवणारा दाखवा. फोन सगळ्यांचे टोपलीत. टोपली बाहेर जिन्यात. तिथं राखणीला सावली. भिंतीपलीकडं, वायफायच्या टप्प्यात, चाळीस फोन आणि शिवाय स्वतःचा एक घेऊन बसलेला. पण मी 'सावली' म्हटल्यावर बाबा म्हणाले की गरिबाच्या पोटी जन्मलेल्या सेवकावर आळ घेणं सोपं असतं. लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच मान खाली घातली. बिनविषारी थोतांड आहे, आईला त्यातून दोन घास जेवण जातंय, तर जाऊ दे, असं म्हणून मी पाच रविवार कानाडोळा केला. ही माझी चूक. ती मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

सोमवारी आईनं डायलिसिसला यायला नकार दिला. मी समजावलं, रागावले, रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि नाही म्हणत राहिली. बुधवारीही तेच. त्या दिवशी दुपारी रुग्णालयातून डायलिसिसच्या खोलीतल्या टेक्निशियनचा फोन आला. ही बाई दोन वर्षं आईच्या हातात सुया टोचत होती. आईच्या शिरा तिला स्वतःच्या हातावरच्या रेषांसारख्या पाठ होत्या. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आईंना अजून थोडी लघवी होते, म्हणून तग धरतील. पण फळांचा रस ताबडतोब बंद करा, त्यातलं पोटॅशियम त्यांच्या हृदयाला विषासारखं आहे. किती दिवस, असं मी विचारलं.

"रविवारपर्यंत मी आशा धरीन. त्यापुढचं मला विचारू नका."

डॉक्टर घरी येऊन गेले. आईनं त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, त्यांना चहा द्यायला सांगितला आणि येणार नाही म्हणाली. डॉक्टर जिन्यात मला म्हणाले की शुद्धीवर असलेल्या माणसाला बांधून नेता येत नाही. शुद्ध हरपली तर बोलवा. म्हणजे मी आईची शुद्ध हरपायची वाट पाहायची.

त्या संध्याकाळी मी डोकं न वापरता एक गोष्ट केली. राउटरचा, म्हणजे घरातल्या वायफायचा, पासवर्ड बदलला. गुरुवारी बाबांची छोटी बैठक होती. 'आला' म्हणून झालं, प्रिंटर ढिम्म. मला वाटलं, जिंकले. बाबांनी एक क्षण माझ्याकडं पाहिलं आणि हळहळत्या स्वरात म्हणाले की घरातल्याच कुणीतरी लेकराच्या तोंडावर दार लावलं आहे. आईनं माझ्याकडं वळून पाहिलं. तशी नजर तिनं आयुष्यात माझ्याकडं कधी वळवली नव्हती. त्यानंतर तिनं उरलेल्या गोळ्याही थांबवल्या. पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागलं. म्हणाली, "धाकटे, तो आधीच एकदा गेलाय. तू त्याला दुसऱ्यांदा घालवू नकोस."

तेव्हा मला कळलं की पत्रं बंद पाडून उपयोग नाही. प्रिंटर मुका झाला तर ती दादाच्या शोधात उपाशी मरणार. पत्र यायला हवं. फक्त ते कुठून येतं, हे तिच्या डोळ्यांनी दिसायला हवं.

मी जुना पासवर्ड परत घातला. शुक्रवारी दुकान उघडलंच नाही. दुकानातला एक म्हातारा लॅपटॉप पिशवीत घालून आणला. त्याची एक बिजागरी मोडलेली, त्यामुळं पडदा भिंतीला टेकवून उभा करावा लागायचा. त्यावर लिनक्स बसवायचं, आणि लॅपटॉपचा प्रिंट सर्व्हर करायचा, असं मी ठरवलं होतं. लिनक्स ही कुणाच्याही मालकीची नसलेली, फुकट मिळणारी संगणकप्रणाली. दादानं माझ्या दुकानात तीच बसवली होती, त्यामुळं तोंडओळख होती. प्रिंट सर्व्हर म्हणजे पोस्टातला माणूसच. घरातल्या कुठल्याही यंत्रानं छापायला पाठवलेला कागद आधी त्याच्याकडं जातो. तो वहीत नोंद करतो: किती वाजता आला, कुठल्या यंत्राकडून आला, कागदाचं नाव काय. मग प्रिंटरकडं सोडतो. आणि सांगितलं तर सोडत नाही, धरून ठेवतो, उघडून वाचूही देतो. मला नेमका हा धरून ठेवणारा पोस्टमन हवा होता.

बोलायला सोपं. करताना नाकी नऊ आले. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं, त्यात छपाईचा कारभार पाहणारा कप्स नावाचा भाग बसवला, त्याचं पान उघडलं, प्रिंटर जोडायला गेले तर परवानगी नाही. माझ्याच लॅपटॉपवर मला परवानगी नाही. स्वतःचं नाव कारभाऱ्यांच्या यादीत घालण्यात एक तास गेला. मग प्रिंटर दिसला, पण माझ्या घाईत त्याच्यासाठी भलताच ड्रायव्हर निवडला गेला. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाष्या. हा दुभाष्या वेडा निघाला. चाचणीचं एक पान मी पाठवलं आणि दादाच्या खोलीत प्रिंटर सुटला. पानामागून पान, प्रत्येकावर वरच्या बाजूला एकेक ओळ, काना-मात्रा नसलेली, कुठल्याच भाषेतली नसलेली.

मी धावत गेले, पण आई माझ्या आधी पोचली होती. गुरुवारच्या बैठकीनंतर पलंगावरून न उठलेली बाई, भिंत धरत धरत, सुजलेले पाय ओढत आली होती. तिनं जमिनीवर पडलेलं एक पान उचललं, चष्म्याजवळ नेलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"अक्षर बिघडलंय त्याचं," ती म्हणाली. "बरं नाही वाटतं त्याला."

मी तिला म्हटलं, आई, हे मी केलं, मी चुकीची कळ दाबली. तिनं ऐकलं नाही की तिच्यापर्यंत पोचलं नाही, कोण जाणे. पानाची घडी घालून ती छातीशी धरून परत गेली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि ती सगळी पानं गोळा करता करता मला हुंदका आवरेना. पण रडायलाही वेळ नव्हता. शुक्रवार होता. मागच्या शुक्रवारपासून तिच्या रक्तातलं विष कुणी काढलं नव्हतं.

योग्य ड्रायव्हर सापडला. पुढची अडचण अशी की लॅपटॉपवरून पान छापलं जाई, पण माझ्या फोनला तो सर्व्हर दिसेना. आणि फोनला दिसला नाही तर सावलीच्या फोनला तरी कसा दिसणार? सेटिंगच्या पानावर जे जे दाबता येईल ते मी दाबून पाहिलं. शनिवारी दुपारी कळलं घोडं कुठं पेंड खातंय ते. 'मी इथं आहे' अशी घरभर हाक देणारी एक छोटी सेवा असते, ती चालूच नव्हती. आणि जी चालू होती ती सुरक्षेची भिंत, तिनं छपाईची वाट अडवली होती. एक चालू केली, दुसरीत दार पाडलं. माझ्या फोनवर प्रिंटरचं नाव उमटलं. राउटरमध्ये जाऊन लॅपटॉपचा घरातला पत्ता पक्का केला, नाहीतर वीज गेल्याबरोबर तो बदलला असता.

शेवटी प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये गेले. त्याची हाक बंद केली, फोनला थेट जोडून घेण्याची त्याची सोय बंद केली आणि त्याला सांगितलं की यापुढं फक्त या एका लॅपटॉपकडून आलेला कागद घ्यायचा, दुसऱ्या कुणाचा नाही. सर्व्हरला मी प्रिंटरचंच जुनं नाव दिलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसणार नव्हतं. तोच प्रिंटर, तीच जागा, तार नाही. मधे फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, भिंतीला टेकलेला माझा पोस्टमन.

फोनवरून मी एक ओळ पाठवली. प्रिंटर गप्प राहिला. लॅपटॉपच्या यादीत ओळ आली: वेळ, माझ्या फोनचा पत्ता, कागदाचं नाव, आणि समोर 'थांबवलेलं'.

वहिनी दारात उभी राहून हे पाहत होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. मी तिला सगळं सांगितलं. वायफायचा पासवर्ड सावलीला कुणी दिला, असं विचारलं. तिनंच दिला होता, दुसऱ्या आठवड्यात, त्यानं घरी फोन लावायचा आहे म्हणून मागितला तेव्हा. मी म्हटलं, वहिनी, उद्या मला तुझी मदत लागेल.

ती म्हणाली, "खोटं असलं तरी असू दे ना गं. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याच्यासारखं बोलतं माझ्याशी."

"आणि आई?"

ती मागं वळली. बाहेर गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी माणसं आणखी जास्त होती. बाबांनी आज मोठा निरोप येणार असल्याचं पसरवलं होतं. आईला मी आणि बेकरीवाल्यानं उचलून खुर्चीत बसवलं. तिचे पाय कुठल्याच चपलेत मावत नव्हते. ती तोंडानं श्वास घेत होती, आणि दोन शब्दांनंतर थांबत होती. टेक्निशियननं मला सकाळीच कळवलं होतं की आज तातडीच्या रुग्णांसाठी ती एक यंत्र तयार ठेवून बसली आहे. वहिनी डोकं दुखतंय म्हणून स्वयंपाकघरात थांबली होती. मी आईच्या शेजारी. पत्र आलं की उठून लॅपटॉप आणायचा, असा माझा बेत. पण आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि माझ्या आणि दाराच्या मधे पन्नास माणसं होती.

तार वर धरून झाली. सात पडदे झाले. बाबा म्हणाले, "आला."

काही झालं नाही.

बाबांनी घसा साफ केला. लेकरू दारात घुटमळतंय म्हणाले, आणि आणखी मोठ्यानं, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात, "आला." मेणबत्तीची ज्योत तेवढी हलली. तिसऱ्यांदा तर त्यांनी जवळजवळ हाळीच दिली. मग शाल सावरून ते माझ्याकडं वळले. म्हणाले, या घरात एका जिवाला दुसऱ्या जिवाचं सुख पाहवत नाही. लोक कुजबुजू लागले. आईनं माझं मनगट हलवलं.

"दार उघड... गं त्याला," ती म्हणाली. "एकदाच."

इतकी तयारी केली होती आणि मी तिथं चोरासारखी बसले होते.

तेवढ्यात दारातून वहिनीचा आवाज आला. "जरा सरका." ती बसलेल्या लोकांमधून वाट काढत येत होती, आणि तिच्या दोन्ही हातांत तो मोडक्या बिजागरीचा लॅपटॉप होता. तिनं तो आईच्या मांडीवर ठेवला, पडदा स्वतःच्या हातानं धरला.

"आई, पत्र आलंय," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात अडकलंय."

यादीत तीन ओळी होत्या. बाबांनी तीनदा हाक मारली होती, त्या तीन वेळांच्या. तिन्हींचा पाठवणारा एकच पत्ता. तिन्ही कागदांचं नाव एकच: 'माई शेवटचं ४'. माई म्हणजे आई, बाबा तिला तसंच म्हणत.

वहिनीनं पत्र उघडलं आणि वाचलं. तिचा आवाज सपाट होता, एकदाही कापला नाही. "आई, आता गोळ्याही सोड. तुझं दुखणं संपत आलं. मी बुधवारी तुला घ्यायला येतोय. निरोपबाबांजवळ शांत बस, भिऊ नकोस."

मला वाचायला लावलं असतं तर मी वाचू शकले नसते. कारण तोवर मला वाटत होतं की त्यांना गर्दी हवी, मान हवा, आमची खोली हवी. त्यांना आईचं मरण हवं होतं, वारासकट. डायलिसिस तोडलेलं माणूस किती दिवस जगतं, हे कुणीतरी नीट विचारून घेतलं होतं. बुधवारी आई गेली असती, आणि मुलानं सांगितलेल्या दिवशी आई गेली, ही कथा पुढची वीस वर्षं गावोगाव फिरली असती. 'शेवटचं ४' म्हणजे तीन मसुदे खोडून झाले होते.

इथून पुढं त्या माणसाला अहो-जाहो करणं मला जमणार नाही.

निरोपबाबा म्हणाला की बघा, यंत्रातून निरोप आलाच, कुठल्या यंत्रातून याला काय महत्त्व. तेव्हा मी उठले. मी बेकरीवाल्याला म्हटलं, जिन्यात बसलेल्या सावलीला त्याच्या फोनसकट आत आणा. बेकरीवाला धिप्पाड, पहाटे तीनला उठून पीठ मळणारा. तो गेला आणि एका हातात सावलीचा दंड, दुसऱ्या हातात त्याचा फोन घेऊन आला. फोनच्या पडद्यावर तीच तीन पत्रं रांगेत ताटकळत होती. फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा घरातल्या जाळ्यावरचा पत्ता दिसतो. तो मी मोठ्यानं वाचला आणि वहिनीनं लॅपटॉपवरचा वाचला. आकड्याला आकडा जुळला.

मग मी त्या लोकांना सांगितलं, दुकानात नव्या गिऱ्हाइकाला सांगते तसं. प्रिंटरला तार लागत नाही. भिंतही अडवत नाही. तुमचे फोन काढून घेतले ते तुम्ही पाठवाल म्हणून नव्हे, तर कुणाचाच फोन नाही असं तुम्हाला वाटावं म्हणून. 'आला' हा शब्द दादासाठी नव्हता, जिन्यातल्या माणसासाठी होता. मी मधे एक नोंद ठेवणारा संगणक बसवला, एवढंच केलं. त्यानं कागद धरून ठेवला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लिहून ठेवला. मेलेल्या माणसाच्या फोनचा पत्ता त्यात कुठंच नाही.

आई पडद्याकडं पाहत होती. "छाप," ती म्हणाली.

पत्रासमोर सोडण्याची कळ होती. वहिनीनं ती दाबली. मागं प्रिंटर गुरगुरला, चाकं फिरली, कागद बाहेर आला. वहिनीनं दुसऱ्या ओळीसमोर दाबलं. मग तिसऱ्या. तीन कागद, शब्दाला शब्द तेच. वहिनीनं ते आईच्या हातात दिले. वहिनीचं बोट दाबलं जाई तेव्हा दादा बोलत होता. उचललं की थांबत होता.

"पहिल्यापासून... सगळी?" आईनं विचारलं.

"सगळी," मी म्हटलं.

"कपाटातलं?"

"ते मी सांगितलं होतं याला," वहिनी सावलीकडं न बघता म्हणाली. "रडता रडता. बाकीचंही मीच सांगितलं."

आईनं मान हलवली. बराच वेळ ती त्या तीन कागदांच्या कडा एकावर एक जुळवत राहिली. मी वाट पाहत होते की ती मला हाकलेल, किंवा कोसळेल. ती म्हणाली, "म्हणजे माझा मुलगा तीन महिन्यांपूर्वीच गेला." मग श्वास घेऊन, "मला उठवा."

तिला बेकरीवाल्यानं पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवलं. निरोपबाबा तोवर गर्दीतून सटकला होता. जिन्यात एका माणसानं, हे सगळं पाहून झाल्यावरही, त्याच्या शालीला डोळे लावलेले मी पाहिले. सावलीला लोकांनी बसवून ठेवलं आणि पोलीस आले. दोघांवर खटला चालू आहे. निरोपबाबा दुसऱ्या शहरात नव्या नावानं बैठका घेतो, असं कानावर आहे.

टेक्निशियन रुग्णालयाच्या दारातच उभी होती. तिनं आईचा हात हातात घेतला, शीर चाचपली, आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. त्या रात्री आईचं हृदय एकदा थांबता थांबता राहिलं. बारा दिवस ती रुग्णालयात होती. वाचली. पूर्वीसारखी नाही, एक मजला चढताना दोनदा बसते. दादाबद्दल पहिले कित्येक आठवडे ती काहीच बोलली नाही. मग एका संध्याकाळी वहिनी आणि ती दोघी दादाच्या खोलीत बसून पोटभर रडल्या, दादा गेला तेव्हाच रडायला हव्या होत्या तशा. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना रडू दिलं.

त्यानंतर बैठकीतली बरीच माणसं माझ्या दुकानात येऊन गेली. मी प्रत्येकाला त्याच्याच फोनवरून त्याच्याच मेलेल्या माणसाच्या नावानं एक पत्र छापून दाखवलं. बहुतेक ओशाळून हसले. एका बाईचा मुलगा गेलेला. तिनं छापलेला कागद हातात धरला आणि विचारलं, "खोटं आहे हे कळलं. पण मी घेऊन जाऊ का हा?" मी तो कागद तिच्या हातून काढून घेतला. तिला माझा राग आला असेल. पण तिला स्टुलावर बसवून मी तिच्या मुलाबद्दल विचारलं, आणि तिनं तासभर सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. खोळंबू दिली.

म्हणून मी हे लिहिते आहे. माझ्या आईला अक्कल शिकवायला नव्हे. ज्याचं मूल गेलं त्यानं शहाणं असावं, तारा आणि पत्ते तपासावेत, अशी अपेक्षा कुणी करू नये; बुडत्याला काडी ही काडी दिसतच नाही. पण त्या खोलीत न बुडणारे चाळीस लोक होते. त्यांत शिकलेले होते, फोन वापरणारे होते, रोज माझ्याकडं तारेशिवाय कागद छापून नेणारे होते, आणि पाच रविवार गप्प राहिलेली मीही होते. एकानं उठून टोपलीजवळ कोण बसलंय ते पाहिलं असतं तर पुरे होतं. दुःखातल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. ते शेजाऱ्यानं विचारायचे असतात, पहिल्याच दिवशी, आणि उत्तर मिळेपर्यंत.